मिरचीवालीच्या डाव्या हाताला

आमच्या गावाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही म्हणा. किल्ला नाही, लढाई नाही. एखादा राजा इथून गेला असेलच, तर पाणी प्यायलासुद्धा उतरला नसावा. मी मूळची दिग्रसची. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला विचारलं होतं, तुमच्या गावात आहे तरी काय? तो जरा विचार करून म्हणाला, "नदी हाय." मी म्हटलं, "आन?" तर म्हणाला, "आन नदीतला बाजार." एवढ्या भांडवलावर माणूस बायको मागायला आला होता!

दिग्रस म्हणजे कापसाचं गाव. जिनिंगचा आवाज, गाड्यांच्या रांगा, अडते, दलाल. हंगामात रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके पडलेले असायचे आणि जो तो घाईत असायचा. तिथून उठून मी आर्णीच्या पुढे, अरुणावतीच्या काठच्या या गावात आले. पहिले काही महिने मला वाटायचं, इथं कुठलं तरी यंत्र बंद पडलंय आणि कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मोठा रस्ता एकच, तोही उतरत उतरत थेट नदीत जाणारा. नदीशी दगडी घाट, घाटावर महादेवाचं ठेंगणं देऊळ, पलीकडच्या काठाला कडुलिंबाखाली दर्गा, खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आणि तिच्या विहारावर झेंडा. संध्याकाळी माणसं ओट्यावर बसून गप्पा मारतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत, नदीकडे पाहून बोलतात. मला आधी तो उर्मटपणा वाटला होता. आता मीही तशीच बोलते.

इतिहास मला सासऱ्यांनी सांगितला, तोही तुकड्यातुकड्यांनी, जेवताना. ते म्हणायचे, आपलं गाव कोणी वसवलं नाही, ते थांबलेल्या लोकांनी झालं. इथं नदीला उतार आहे, म्हणजे तळाला खडक आणि पाणी गुडघ्याएवढं, बैलगाडी पार जाते. मिठाची पोती लादून बंजाऱ्यांचे तांडे याच वाटेनं यायचे. पण वर कुठं पाऊस झाला की नदी फुगायची आणि तांडा काठाला अडकून पडायचा. थांबलेल्या माणसाला भूक लागते. मग कोणी फुटाणे विकायला बसलं, कोणी बैलांना नाल ठोकायला, कोणी दोर वळायला. नदी उतरली की तांडे पुढे गेले आणि हे विकणारे मागं राहिले. तेच आमचे पूर्वज. "आपन म्हंजे नदीनं अडवलेले लोक," सासरे म्हणायचे, आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवायचे.

मग रपटा झाला, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. तरी लोक थांबायचे, पाणी ओसरायची वाट पाहायचे, चहा प्यायचे. मग मोठा पूल झाला आणि गावाचं थांबणंच संपलं. आता बस पुलावरून भर्रकन निघून जाते. खिडकीशी बसलेल्याला खाली घाट दिसतो, देऊळ दिसतं, आणि तेवढ्यात गाव संपतं. वर धरण झाल्यापासून नदीलाही पूर्वीचा जोर नाही. गावापाशी उरला तो गुरुवारचा बाजार. पावसाळ्यात तो बसथांब्याच्या रस्त्यावर भरतो, चिखलात, एकमेकांच्या पायावर पाय देत. कोजागिरी झाली, पाणी एका कडेला गेलं, रेती वाळली, की बाजार नदीत उतरतो आणि होळीपर्यंत तिथंच भरतो. आसपासच्या खेड्यांतली माणसं कापूस वेचून, सोयाबीन काढून हातात चार पैसे घेऊन येतात, ती याच बाजाराला.

आता गंमत अशी, की नदी दरवर्षी सगळं पुसून टाकते. मागच्या वर्षीची रेती या वर्षी नसते. जिथं खड्डा होता तिथं उंचवटा, जिथं उंचवटा होता तिथं डबकं. खुंट ठोकावा तर वाहून जातो, दगड ठेवावा तर गडप होतो. मग कोणी कुठं बसायचं? पूर्वी यावरून काठ्या निघायच्या म्हणे. शेवटी गावानं एक तोड काढली. जागा जमिनीवर ठरवायची नाही, माणसावर ठरवायची. सगळ्यात आधी मिरचीवाली बसेल. तिच्या डाव्या हाताला कपडेवाला, उजव्या हाताला कांदेवाला, कांदेवाल्याच्या पुढं लसूण-आलं, कपडेवाल्याच्या पुढं बांगड्या. असा एकाला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा, बाजार आपोआप लागत जातो.

मिरचीवालीच आधी का? तिचा मान मोठा म्हणून नव्हे. मिरचीची पोती उलटली, ढीग खालीवर केला की खाट, म्हणजे नाकाडोळ्यांत झोंबणारी मिरचीची धूळ, उठतो, आणि वारा बाजाराच्या अंगावर असला तर सगळा बाजार ठसकत बसतो. म्हणून तिनं वाऱ्याच्या शेवटाला बसायचं, वारा तोंडावर घेऊन, म्हणजे खाट पाठीमागे पुलाकडे निघून जातो. तिची जागा बरोबर बसली की सगळ्यांची बरोबर बसली.

आणखी एक नियम होता. नुसतं बसलं म्हणजे जागा होत नाही. दोन्ही हात भरले पाहिजेत, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे शेजारी येऊन बसले पाहिजेत. तोवर जागा कच्ची, कोणीही उठवू शकतो. दोन्ही हात भरले की मग त्या हंगामात बसलेल्याला उठवायचं नाही, प्रत्यक्ष तहसीलदार आला तरी. खालच्या वस्तीतल्या लोकांना एके काळी या बाजारात बसूच देत नसत. दीक्षा घेतल्यावर त्यांच्यातले काही जण गोणपाट घेऊन आले आणि बसले, आणि त्यांच्या शेजारी कोणीतरी जाऊन बसलं, तेव्हा ती जागा झाली, असं सासरे सांगायचे.

कपडेवाले म्हणजे आम्ही. झबली, टोपडी, परकर, टॉवेल, गमछे, ओढण्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून मी पालाखाली बसायला लागले, आणि मिरचीवाली बुढी माझी शेजारीण झाली. बुढी आमच्याकडे शिवी नाही, आईलाही म्हणतात. तर ही बुढी काटकुळी, कपाळावर मोठं गोंदण, आणि जीभ तिच्या मालापेक्षा तिखट. गिऱ्हाइकानं मिरची हातात घेऊन मोडून पाहिली की म्हणायची, "घ्याची हाय का नाडी पाह्यची हाय?" माझ्याशी तर पहिल्याच दिवशी भांडली, मी पालाची दोरी तिच्या पोत्याला बांधली म्हणून. मीही काही कमी नाही, मीही बोलले. दुपारी तिनं आपल्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला. तेव्हापासून आमचं दर गुरुवारी भांडण आणि दर गुरुवारी ठेचा.

हंगामाच्या पहिल्या बाजाराला बुढी कधी लवकर यायची नाही. आम्ही सगळे घाटाच्या पायऱ्यांवर आपापली बोचकी घेऊन ताटकळत उभे, आणि ही ऊन चांगलं वर आल्यावर यायची. पदराचं टोक हातात धरून सोडायची, ते कुठं उडतं ते पाहायची, मग सावकाश रेतीत उतरून पुलाकडच्या टोकाला जाऊन बसायची. मला त्या उशिराचा भारी राग यायचा. मला वाटायचं, म्हातारी भाव खाते.

आता सांगते ती गोष्ट फार जुनी नाही, मागच्या का त्याच्या मागच्या हिवाळ्यातली. त्या पावसाळ्यात बुढी अंगणात घसरून पडली आणि खुब्यात मोडली. दवाखाना झाला, पण उभं राहणं काही होईना. तिचा मुलगा कामाला म्हणून तेलंगणात गेला तो तिकडचाच झाला. फोनही उचलायचा नाही. घरात राहिली सून. ही झरी जामणीकडची, जंगलातल्या एका पोडावरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची, कोलाम. त्या दोघांनी आपल्या मनानं लग्न केलं होतं, आणि मग नवरा हिला सासूच्या पदरात टाकून निघून गेला. पोरगी बोलायला कमी. आमची बोली तिला समजायची, पण बोलताना अडखळायची, म्हणून लोकांना वाटायचं हिला काही कळत नाही. बुढीचं मात्र तिच्यावाचून पान हलत नव्हतं.

हिवाळा जवळ आला तशी गावात कुजबुज सुरू झाली, या वर्षी मिरचीच्या जागेवर बसणार कोण. सगळ्यात मोठा आवाज कांदेवाल्याचा. त्याचा भाऊ मिरचीचा धंदा सुरू करणार होता. कांदेवाला चहाच्या टपरीवर उघड म्हणायचा, "नवराच नाही गावात, त जागा कायची? जागा घराची राह्यते. बुढी बसत होती तवर ठीक होतं." लोक मान डोलवायचे. कोणी हो म्हणत नव्हतं, पण नाहीही म्हणत नव्हतं.

त्या जागेवर दोन बायकांची चूल अवलंबून होती. आमच्या बाजारात गिऱ्हाईक माणसाला शोधत येत नाही, जागेला येतं. वर्षाची मिरची घ्यायला खेड्यापाड्यांतून येणारी बाई कांद्यापाशी पोचली की तिला ठाऊक असतं, की आता कांदेवाल्याच्या डाव्या हाताला मिरची. ती जागा गेली तर सुनेला पार शेवटी, जनावरांच्या बाजाराच्या कडेला बसावं लागलं असतं, आणि तिथं मिरची घ्यायला कोणी जात नाही. दुसरा कुठला आधार त्या घराला नव्हता.

बुढीनं मला बोलावून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मी कोनाले काही मांगत नाही. तुले मांगतो असं समज. तू तिच्या डाव्या हाताले बसजो."

मी म्हटलं, "हे का सांगणं झालं, माय? मी काय कांद्याच्या मांडीवर बसणार आहे?"

ती हसली नाही. नुसती म्हणाली, "बसजो मातर."

पहिल्या गुरुवारी नदीवर धुकं होतं. मी आणि नवरा बोचकी घेऊन घाटावर आलो तेव्हा पायऱ्यांवर नेहमीसारखी माणसं उभी होती, पण सगळ्यांच्या माना खाली रेतीकडे वळलेल्या. पाहते तर सून आधीच बसलेली! उजाडताच आली होती. आपण उशीर केला तर कांदेवाल्याचा भाऊ येऊन बसेल या धास्तीनं ती इतकी लवकर आली, की तेव्हा वाराच सुटलेला नव्हता. सासूनं तिला सांगितलं होतं, वारा तोंडावर घे. वारा नाही तर काय करील? तिनं आपल्या अंदाजानं जागा धरली आणि बसली ती नेमकी घाटाकडच्या टोकाला. म्हणजे वाऱ्याच्या शेवटाला नव्हे, सुरुवातीला. ऊन वर येऊन वारा सुटला की तिच्या मिरचीचा खाट सगळ्या बाजारावरून फिरणार होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुनेचा राग आला, सुनेला नीट न समजावणाऱ्या बुढीचा आला, आणि पायऱ्यांवर गंमत पाहत उभ्या असलेल्या त्या सगळ्या शहाण्यांचा तर फारच आला. एकजण खाली जाऊन तिला सांगत नव्हता. आणि का सांगत नव्हता तेही कळत होतं. कांदेवाला कठड्याला टेकून उभा होता, मोबाइलवर पैसे आले की बोलून सांगणारा तो ठोकळा काखेत मारून. तो कोणाला तरी म्हणाला, "वारा सुटू दे. मंग पाहू."

नवरा हळूच मला म्हणाला, "चुकली ते. आपन जरासं थांबू. तिले सांगू, उठून खाली जाय म्हनू."

"उठली की गेली," मी म्हटलं. "उठल्यावर पुन्हा बसू देतील तिला?"

"मंग?"

"मग काय? चला."

"अवं, आपल्या नाकाचा विचार कर."

"नाक माझं आहे," मी म्हटलं, आणि बोचकं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरले. मागून कोणीतरी खाकरलं. रेती थंड होती. सुनेनं मला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. मला कळलं, ही केव्हापासून श्वास धरून बसली होती. मी तिच्या डाव्या हाताला ताडपत्री अंथरली. नवऱ्यानं पाल उभारलं. चांगला माणूस आहे. उशिरा समजतं, पण समजतं.

मी सुनेला जागेबद्दल काही बोलले नाही. सांगितलं असतं तर ती पटकन उठली असती, आणि उजवा हात अजून रिकामा होता.

बराच वेळ आम्ही तिघंच त्या एवढ्या मोठ्या नदीत बसून होतो. घाटावर माणसं उभी, खाली आम्ही. मग बांगड्यावाली उतरली. ती माझ्या पुढं बसायची, आणि तिचं म्हणणं होतं की उभं राहून पाय दुखतात. एक-दोघे आणखी आले. कांदेवाला मात्र पोती घाटाच्या शेवटच्या पायरीवर आणून तिथंच थांबला.

ऊन तापलं आणि वारा सुटला. आधी मला शिंक आली. मग नवऱ्याला. मग बांगड्यावालीला एकामागून एक अशा शिंका सुरू झाल्या, की तिच्या बांगड्यांची पेटी वाजायला लागली. खेड्यातून आलेली पहिली गिऱ्हाइकं घाट उतरत होती, तीही नाकाला पदर लावून ठसकायला लागली. एक म्हातारा वैतागून ओरडला, "कोनं बसवली वो मिरची इकडं?"

तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. तिनं वाऱ्याकडे पाहिलं, आपल्या ढिगाकडे पाहिलं, मग ठसकणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तोंडावरचा रंगच उडाला. मी म्हटलं, "बस. उठू नको. काही झालं तरी उठू नको." पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. दोन्ही हातांनी मिरच्या पोत्यात भरायला लागली. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला. "अक्का, सारे लोकं..." एवढंच म्हणाली आणि उठली.

संपलं, असं मला वाटलं. आणि रडूच आलं मला. मिरचीनं आधीच डोळे वाहत होते म्हणून कोणाला समजलं नाही, एवढंच.

पण ती कुठं गेली असेल? सरळ कांदेवाल्यापाशी. शेवटच्या पायरीशी उभी राहून तिनं हात जोडले. "भाऊ, मी चुकली," ती म्हणाली. अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माह्यानं लोकायले तरास होते. तुमच्या भावाले बसवा. माय घरी हाय, तिले मी सांगतो."

कांदेवाला तिच्याकडे पाहतच राहिला. महिनाभर तो याच जागेसाठी गावभर बोलत फिरत होता. वाद घालायची सगळी तयारी करून आला असणार. कोण काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणू. आणि समोर वादच नाही. भांडून मिळाली असती तर त्यानं ती जागा आनंदानं घेतली असती. हात जोडून दिलेली त्याला घेववेना. त्याचा भाऊ मागून म्हणाला, "घ्या ना मंग, काय पाह्यता?" त्यावर हा त्याच्यावरच खेकसला, "चूप बे!"

मग त्यानं एक पोतं पाठीवर घेतलं, रेतीत उतरला, आणि सुनेच्या अर्धवट भरलेल्या पोत्याच्या उजव्या हाताला आपलं पोतं धप्पदिशी टाकलं. म्हणाला, "ये वो बाई, बस. माह्या कांद्यानं लोकं तसेबी रडतेच. आता रडतीन बी आन शिंकतीन बी."

आणि त्यालाच अशी दणदणीत शिंक आली, की घाटावरची माणसं मोठ्यानं हसली. हसली ती मग उतरायलाच लागली. लसूणवाला उतरला, भांडीवाला उतरला, मसालेवाला, चिवडेवाला, फुगेवाला. त्या वर्षी सगळा बाजार उलटा लागला. जे पुलापाशी बसायचे ते घाटापाशी आले, घाटापाशी बसणारे पुलाखाली गेले. खेड्यातल्या बाया गोंधळल्या, पण कांद्यापाशी पोचल्या की कांदेवाल्याच्या डाव्या हाताला मिरची होतीच. सुनेनं ओलं गोणपाट ढिगावर टाकलं, त्यानं थोडा फरक पडला, फार नाही. माझ्याकडचे गमछे आणि ओढण्या मात्र दुपारीच संपल्या. सगळा बाजार तोंड बांधून हिंडत होता. नवरा म्हणाला, "धंदा झाला वो." मी म्हटलं, "गप बसा," आणि पुन्हा शिंकले.

पसारा आवरून मी घाट चढले आणि आधी बुढीकडे गेले. सून मागून पोती घेऊन येत होती. बुढीचं घर घाटाला लागूनच आहे. दार उघडं होतं, ती खाटेवर छताकडे पाहत पडली होती.

"सकाळपासून ऐकून राह्यली मी," ती म्हणाली. "सारा बाजार शिंकून राह्यला. वरल्या अंगाले बसली ना ते?"

"हो, माय."

मला वाटलं, आता जिभेचा पट्टा सुटेल. पण तिनं विचारलं, "उठवलं काय तिले कोनं?"

"नाही. ती स्वतःच उठली होती. पण कांदेवाल्यानं बसवलं. तोच बसला उजव्या हाताला."

"आन डाव्या?"

"मी होते की. आधीपासून."

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे ओघळलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. मग म्हणाली, "मले उठवलं होतं."

मला कळेना. या बाईला? जिच्यामागे सगळा बाजार उभा राहायचा, तिला?

"नवी होती मी," बुढी म्हणाली. "सासू तापानं पडली, मले धाडलं. मी बी वारा चुकली. वरल्याच अंगाले बसली. सारे शिंकले, अन् मंग उठवलं मले. दिवसभर बोचकं डोक्शावर घेऊन रेतीत उभी होती मी. कोनंच बस नाही म्हनलं. पुढच्या गुरुवारी सासूले खाटेवर घालून आनलं, तवा कुठं जागा भेटली."

"आणि डाव्या हाताला?" मी विचारलं. तोंडातून गेलं, आणि मग समजलं मी काय विचारलं ते. मिरचीच्या डाव्या हाताला आमच्याच घरचं माणूस बसतं, पिढ्यान् पिढ्या.

"तुही आजेसासू होती. बाजूलेच उभी होती, बोचकं घेऊन," बुढी म्हणाली. "बसली नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईनं म्हणाली, "तिचं काय चुकलं? नाकात मिरची गेल्यावर कोन बसन? चांगली होती बुढी. मंग जल्मभर तिच्याच बाजूले बसली ना मी."

जन्मभर. आजेसासूजवळ, मग माझ्या सासूजवळ, मग माझ्याजवळ. दर गुरुवारी भांडली, दर गुरुवारी ठेचा वाढला, आणि हे एकदाही बोलली नाही.

तिनं माझा हात चाचपून धरला. "तुले शिंका आल्या?"

"लई आल्या, माय."

"तरी बसली," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.